दृष्टी कमी होतेय, प्रोग्रामिंग येत नाही: एआयकडून स्वतःपुरतं सॉफ्टवेअर करून घेता येईल का?

चोपडा तालुक्यातून एका भावाने विचारलं आहे. त्याची धाकटी बहीण पतसंस्थेत लिपिक आहे. तिला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. रात्रीचं दिसणं आधीच गेलं, आता दिवसाही समोरचा लहानसा गोल भागच दिसतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, ती शिकली. तरी दोन ठिकाणी अडतं: वरून येणारी मराठी परिपत्रकं एनव्हीडीए धड वाचत नाही, आणि संध्याकाळी रोजकीर्द जुळवताना आकडे नजरेतून सुटतात. ‘एआय आता सॉफ्टवेअरही लिहून देतं म्हणतात. आम्हा दोघांना प्रोग्रामिंगचा गंध नाही. तिच्यापुरतं काही बनवता येईल का, आणि त्यावर भरवसा ठेवता येईल का?’

बनवता येईल, भाऊ. जळगावात मी दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी असलेल्यांना संगणक शिकवते. ज्यांनी आयुष्यात प्रोग्रामची एक ओळ लिहिली नव्हती अशांनी स्वतःच्या कामाची साधनं करून घेतलेली मी पाहिली आहेत. भरवशाचं मात्र तुम्ही एआयला कोणत्या कामाला लावता त्यावर ठरतं.

दोन रस्ते आहेत. पहिला सगळ्यांना सुचतो: कागदाचा फोटो काढायचा, एआयला द्यायचा, ‘वाचून दाखव’ म्हणायचं. दुसरा रस्ता म्हणजे एआयकडून एक छोटा प्रोग्राम लिहून घ्यायचा आणि मग रोजचं काम त्या प्रोग्रामने करायचं. लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यावरचं नाव, दुकानाची पाटी यांना पहिला रस्ता छान आहे, तो जरूर वापरा. पैसे, खाते क्रमांक आणि माणसांची नावं आली की दुसराच धरा.

कारण सांगते. साध्या ओसीआरची, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची, चूक कानाला लगेच खटकते. अक्षर पुसट असलं की तो काहीतरी अगम्य बडबडतो आणि इथे गडबड आहे हे आपल्याला कळतं. एआयची चूक स्वच्छ मराठीत येते. सातबाऱ्यावरचं आडनाव नीट उमटलेलं नसेल तर ते बेधडक ‘पाटील’ वाचून मोकळं होतं. आपल्या भागात तिथे पाटील असण्याचीच शक्यता मोठी, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. डोळस माणूस कागदावर एक नजर टाकून खात्री करतो. तुमच्या बहिणीकडे ती सोय नाही, म्हणून तिच्या साधनाला अंदाज बांधायची मुभाच नको. वाचता आलं नाही तर त्याने ‘वाचता आलं नाही’ असंच म्हणावं. प्रोग्राम लिहून घेताना ही अट पहिल्या ओळीत घाला.

आता परिपत्रकांकडे येऊ. माझा अंदाज आहे की ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. खात्री करायची तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसला तर निदान पक्कं. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे आकार चढवलेले असतात. डोळ्याला ‘कर्ज’ दिसतं, एनव्हीडीएला मात्र इंग्रजी कचरा मिळतो. बिचारा एनव्हीडीए दिलेलं इमानाने वाचतो.

इथे पुष्कळ जण घाई करतात. ते अख्खं परिपत्रक एआयच्या खिडकीत टाकतात आणि ‘युनिकोड करून दे’ म्हणतात. एआय करून देतंही, पण मधली एखादी ओळ गाळतं, एखादा शब्द आपल्या मनाने सुधारतं. त्याऐवजी रूपांतर करणारा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम मागा. त्यात एक तक्ता असतो: या चिन्हाच्या जागी हे अक्षर. तक्ता प्रत्येक फॉन्टचा वेगळा, म्हणून आधी फॉन्टचं नाव शोधावं लागतं. ते पीडीएफच्या माहितीत, फॉन्टच्या यादीत सापडतं.

नुसत्या तक्त्याने भागत नाही, आणि नेमकी तिथेच एआयची पहिली आवृत्ती पडते. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवतात. ‘ठिकाण’मध्ये पहिली वेलांटी ‘ठ’च्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी येते. युनिकोडमध्ये ती ‘ठ’च्या नंतर हवी. रफाराचं उलटं आहे. ‘कर्ज’मध्ये तो ‘ज’वर दिसतो म्हणून ‘ज’नंतर टाइप होतो, आणि युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ हा ‘ज’च्या आधी लागतो. दोन्ही एकाच अक्षरावर आली की गोंधळ उडतो. म्हणून तपासायला ‘सर्टिफिकेट’ हा शब्द द्या. त्यात ‘ट’वर रफारही आहे आणि आधी वेलांटीही, शिवाय ‘फि’ची वेलांटी वेगळी. हा शब्द प्रोग्राममधून बरोबर बाहेर पडला तर निम्मी लढाई जिंकलीत. मग ‘कीर्ती’, ‘वर्षीय’, ‘दुसऱ्या’, ‘श्री’, ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द द्या. काही फॉन्टमध्ये वेलांटी आणि रफार मिळून एकच जोडआकार असतो, तोही तक्त्यात लागतो. आणि ‘श’सारखी अक्षरं अर्धा आकार अधिक काना अशी दोन तुकड्यांत साठवलेली असतात, ती जोडावी लागतात.

ही शब्दांची यादी एका फाईलमध्ये ठेवा: डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे बरोबर उत्तर. प्रोग्राममध्ये काही बदल केला की एआयला सांगायचं, ‘ही पूर्ण यादी चालव आणि न जुळलेले शब्द सांग.’ तक्त्यात नसलेलं चिन्ह आलं तर प्रोग्रामने ते गिळायचं नाही, तिथे ‘अनोळखी चिन्ह’ असं लिहायचं. अशी चिन्हं दिसतील तशी तक्त्यात भरत गेलात की हळूहळू तक्ता पुरा होतो. एकदा पुरा झाला की आजचं आणि पुढच्या वर्षीचं परिपत्रक एकाच पद्धतीने वाचलं जाईल, आणि तेही इंटरनेटविना. उन्हाळ्यात दुपारी वीज आणि रेंज दोन्ही दगा देतात तेव्हा ही गोष्ट किती मोलाची ठरते ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

परिपत्रक स्कॅन केलेलं चित्र असेल तर गोष्ट वेगळी. नोटपॅडमध्ये काहीच चिकटणार नाही. तिथे टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर वापरता येतं, त्याला मराठी येतं. स्कॅन ३०० डीपीआयवर करा. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाबरोबर ० ते १०० असा खात्रीचा आकडा देतं. एआयला सांगा की कमी खात्रीच्या शब्दांआधी ‘शंका’ असं लिहून दे. ऐकताना थोडा व्यत्यय येतो, पण कुठे थांबून कुणाला विचारायचं ते कळतं.

रोजकीर्दीचं काम मला जास्त आवडतं, कारण हिशोब स्वतःच स्वतःची साक्ष देतो. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधून दिवसाची रोजकीर्द एक्सेल किंवा सीएसव्ही फाईलमध्ये काढता येते का ते आधी बघा. येत असेल तर डोळ्यांचा किंवा ओसीआरचा संबंधच उरत नाही. मग प्रोग्रामचं काम एवढंच: आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे (म्हणजे दिलेल्या रकमा), हे अखेरच्या शिलकेशी जुळतं का? जुळलं तर एक वाक्य बोलायचं. नाही जुळलं तर फरक सांगायचा आणि जुन्या मुनीमांना पाठ असलेल्या दोन कसोट्या लावायच्या. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय धरायचा: ५४०० च्या जागी ४५०० पडले की फरक ९०० चा येतो. दुसरी कसोटी म्हणजे फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद शोधायची. १२५० ची जमा चुकून नावे बाजूला गेली की फरक २५०० चा पडतो. प्रोग्राम अशा संशयित नोंदी वर आणून देईल. शेकडो ओळी ऐकत बसण्याऐवजी तिला मोजक्याच ऐकाव्या लागतील.

आकडे ऐकण्याबद्दलही एक गोष्ट. स्क्रीन रीडर वेगात चालवला की ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत कान फसतो. म्हणून एका कळीवर रक्कम शब्दांत, ‘एक लाख पंचवीस हजार’, आणि दुसऱ्या कळीवर तीच रक्कम अंक सुटे करून ऐकू यावी असं मागा. देवनागरी अंकांची काळजी नको, पायथन १२३ हे अंक जसेच्या तसे संख्या म्हणून घेतं. बँकेच्या शाखेच्या आयएफएससीसारख्या क्रमांकांना ठरलेला साचा असतो: एकूण ११ चिन्हं, पहिली ४ अक्षरं आणि पाचवं कायम शून्य. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला असेल तर प्रोग्राम तिथल्या तिथे टोकतो. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक तर बाकीच्या अंकांवरून काढलेला पडताळणीचा अंकच आहे. असे पक्के नियम जिथे मिळतील तिथे ते वापरा.

आता एआयशी बोलायचं कसं. ‘अंध व्यक्तीसाठी सॉफ्टवेअर बनव’ असं म्हणालात तर मोठमोठ्या अक्षरांचं, भडक बटणांचं काहीतरी मिळेल. तुमच्या बहिणीला नेमकं तेच त्रासाचं. दृष्टीचं क्षेत्र अरुंद झालेल्या माणसाला अक्षर फार मोठं केलं तर त्या लहान गोलात एकदोन अक्षरंच मावतात आणि ओळ हरवते. मधली दृष्टी गेलेल्या माणसाची गरज याच्या उलट असते, त्याला मोठंच लागतं. म्हणून तिनेच स्वतःच्या शब्दांत सांगायला हवं. साधारण असं: ‘मला फक्त समोरचा लहान भाग दिसतो. मजकूर मध्यम आकाराचा, काळ्या पार्श्वभूमीवर पिवळा, आणि एकाच अरुंद स्तंभात हवा. कोपऱ्यात काहीही दाखवू नको, ते मला दिसत नाही. सूचना जिथे मी टाइप करते तिथेच खाली यावी. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात. मी माउस वापरत नाही, सगळं कीबोर्डवर हवं आणि एनव्हीडीएने वाचायला हवं.’ रंगांच्या बाबतीत आकडा सांगा: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ७ला १. वेबवरच्या सुगम्यतेच्या नियमावलीत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ सांगितलंय, ७ ला १ ही त्यातली वरची पायरी. न सांगितल्यास पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं द्यायची एआयला फार हौस.

एक तांत्रिक गोष्ट जरूर लक्षात ठेवा, कारण पुष्कळ लोक इथेच निराश होऊन सोडून देतात. पायथनमध्ये खिडकी असलेला प्रोग्राम मागितला की एआय बहुतेकदा टीकेइंटर हा खिडक्या-बटणं बनवायचा तयार संच वापरतं. विंडोजवर टीकेइंटरची बटणं आणि खाने स्क्रीन रीडरला जवळजवळ कळतच नाहीत. प्रोग्राम उघडतो, भावाला सगळं दिसतं, बहिणीचा एनव्हीडीए गप्प. त्याऐवजी ‘डब्ल्यूएक्सपायथन वापर’ असं स्पष्ट सांगा, तो तसाच दुसरा संच आहे. एनव्हीडीएच्या स्वतःच्या खिडक्याही त्यावरच केलेल्या आहेत. नाहीतर ब्राउझरमध्ये उघडणारं साधं पान मागा, पण त्यात खरी बटणं हवीत, बटणासारखे रंगवलेले चौकोन नकोत. आणि पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवायला सांगा, म्हणजे एनव्हीडीए तिथे मराठी आवाज लावू शकतो.

एनव्हीडीए मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केला. तो बराचसा पायथनमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे त्याची जोडसाधनंही (ॲड-ऑन) एआयकडून लिहून घेता येतात. तरी सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका असं माझं मत आहे. जोडसाधन बिघडलं तर एनव्हीडीएच मुका होऊ शकतो आणि भर कामात तिचा संगणकच बंद पडल्यासारखं होईल. वेगळा प्रोग्राम बिघडला तर तेवढाच बंद करता येतो.

बनवण्याआधी जे आहे ते पाहा. माउसचा बाण सापडत नाही म्हणून कुणी सॉफ्टवेअर बनवायला निघतात. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉईजमध्ये डावी कंट्रोल कळ दोनदा दाबली की बाणाभोवती उजेड पडतो. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप १ जानेवारी २०२० पासून आहे. जिथे तयार साधन संपतं आणि तिची स्वतःची अडचण उरते तिथून एआयचं काम सुरू करा.

आणि साधन लहान असलं तरी चालतं. रावेर तालुक्यातले एक केळी उत्पादक, आप्पा, काचबिंदूमुळे जवळजवळ काहीच पाहू शकत नाहीत. काट्यावरच्या पावतीची छपाई इतकी फिकट की ओसीआरने हात टेकले. त्यांच्या नातवाने एआयकडून फोनवर चालणारं एक पान करून घेतलं. मापारी भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन बोलतो. आप्पा टॉकबॅकच्या, म्हणजे फोनमधल्या स्क्रीन रीडरच्या, मदतीने तिन्ही आकडे टाकतात. वजाबाकी जुळली तर पान क्विंटलच्या भावाने रक्कम बोलतं, नाही जुळली तर ‘वजन जुळत नाही, पुन्हा विचारा’ एवढंच म्हणतं. त्यात एआयचं वाचन नाही, फोटो नाही, फक्त एक वजाबाकी आणि एक गुणाकार. पण व्यवहार करताना आप्पांना आता कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि मला विचाराल तर या साधनाचं मोल त्यातच आहे. आवाजी आज्ञांचा प्रयोग त्यांनी सोडून दिला. घरात अहिराणी, ‘किती पैसा उनात?’ असं सहज तोंडात येतं, आणि फोनची आवाजओळख तिथे गडबडते. तुमच्याकडेही घरची बोली अहिराणी असेल तर कळांवरच भर द्या. पतसंस्थेत मोठ्याने खात्यांबद्दल बोलणं तसंही बरं नाही.

खातेदारांची माहिती एआयच्या खिडकीत टाकू नका. नाव नाही, खाते क्रमांक नाही, परिपत्रकासोबत आलेली थकबाकीदारांची यादीही नाही. ती माहिती तुमची नाही, लोकांनी विश्वासाने संस्थेकडे दिलेली आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा विषयही आहेच. एआयला फाईलचा फक्त साचा लागतो. काल्पनिक नावांच्या, काल्पनिक रकमांच्या दहा ओळी तयार करा आणि त्या द्या. त्यात मुद्दाम एक अंक उलटा करून ठेवा, एक जमा नावे बाजूला टाका, एक खाना रिकामा सोडा. प्रोग्रामने या तिन्ही गोष्टी पकडल्या तरच तो खऱ्या फाईलवर, संस्थेच्या संगणकावर, चालवायचा.

संगणक संस्थेचा आहे, म्हणून व्यवस्थापकांना आधी विचारा. लपूनछपून काही टाकू नका. लेखी अर्ज द्या, साधन काय करतं ते पाच ओळींत लिहा, ते इंटरनेटवर काही पाठवत नाही हेही लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाजवी सोयी’ची व्याख्या आहे आणि समान संधीचं धोरण ठरवायचं बंधन खासगी आस्थापनांनाही आहे. अर्जात त्याचा उल्लेख नम्रपणे करायला हरकत नाही. सहकाऱ्यांनाही साधन दाखवा. रोजकीर्दीतला फरक शोधणारा प्रोग्राम त्यांनाही हवासा वाटेल, आणि मग बहिणीची सोय ही मेहेरबानी म्हणून कुणी बोलून दाखवणार नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही मनापासून विचारताय हे प्रश्नातूनच कळतं, म्हणून सांगते: एआयशी तिला बोलू द्या. तुम्ही शेजारी बसा, पायथन बसवून द्या, फाईल कुठे ठेवली ते सांगा, पण काय हवं ते तिने टाइप करावं आणि चाललं की नाही ते तिने ठरवावं. एआयला सुरुवातीलाच सांगायला लावा की उत्तर साध्या मजकुरात दे, तक्ते नको, चिन्हांची सजावट नको, आणि कोड तुकड्यांत न देता पूर्ण फाईल दे. तुकडे जोडत बसणं स्क्रीन रीडरवर फार किचकट. चाललेली प्रत्येक आवृत्ती तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण एक दुरुस्ती सांगितली की एआय कधीकधी चालत असलेलं दुसरं काही मोडून ठेवतं. तुम्हाला स्वतःला तपासायचं असेल तर एनव्हीडीएमधला स्क्रीन कर्टन चालू करा. पडदा काळा होतो, आवाज तेवढा राहतो. त्या अवस्थेत रोजकीर्द तुम्हाला जुळवता आली तरच खिडकीची मांडणी बरोबर आहे असं समजा.

कामाला लागायचं तर रोजकीर्दीपासून लागा, परिपत्रकं नंतर. रोजकीर्दीचा प्रोग्राम लहान आहे, बरोबर चालला की नाही ते त्याच संध्याकाळी शिल्लक सांगते, आणि तेवढ्यात तिला एआयकडून काम करून घ्यायची सवय होते. फॉन्टच्या तक्त्याला चिकाटी लागते. तोवर परिपत्रकांच्या पीडीएफमधल्या फॉन्टची नावं तेवढी टिपून ठेवा. बहुतेक कार्यालयं वर्षानुवर्षं एकदोनच फॉन्ट वापरतात, तेव्हा तुमचा तक्ता एका फॉन्टचा झाला तरी बरीचशी परिपत्रकं त्यातच येतील.